कवळीखालची तटबंदी

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने नागपुरात हाहाकार माजवला. ॲम्फोटेरिसिन-बी मिळेना, तेव्हा मे महिन्यात शेजारच्या वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. त्या मानाने कॅन्डिडा ही बुरशी गरीब वाटते. मधुमेही वडीलधाऱ्यांच्या कवळीखाली ती लाली वा पांढरे चट्टे होऊन बसते, आणि गोळ्यांनी आठवडाभर दबून पुन्हा उद्भवते. दोष बहुधा गोळीचा नसतो.

कवळीच्या प्लास्टिकवर, रुग्णालयात शिरेतल्या नळीवर, तिच्या पेशी चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर विणतात. यालाच जैवपटल म्हणतात. थरातील ग्लुकन हे द्रव्य फ्लुकोनॅझोलला वाटेतच अडकवते. आत शिरलेले औषध पेशी बाहेर फेकतात. म्हणूनच शक्य तेव्हा डॉक्टर संसर्ग झालेली नळीच काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कॅन्डिडाच्या दोन जातींना सर्वाधिक चिंतेच्या गटात ठेवले, ते उगाच नव्हे.

घरी मात्र जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणली जाते आणि कवळी तशीच राहते! ती रोज ब्रशने घासावी, दंतवैद्य सांगतील त्या द्रावणात रात्रभर ठेवावी. चौविहार करणाऱ्यांना तर ती सायंकाळीच काढता येते.