कातडीचें दुखणें : घरीं थांबावें कीं डॉक्टरांकडे जावें ?

शरीराचीं इतर दुखणीं आंत दडून राहतात. कातडीचें दुखणें मात्र चारचौघांत मिरवतें. पोट दुखलें तर तें ज्याचें त्यालाच ठाऊक; पण गालावर एखादा चट्टा उठला कीं शेजारीपाजारी, आप्तेष्ट, फार काय, प्रवासांत शेजारीं बसलेला अनोळखी गृहस्थहि त्याची चौकशी करतो आणि जातां जातां एक मलमहि सुचवितो. अशा वेळीं माणसें दोन टोकांना जातात. कोणी साध्या घामोळ्यासाठीं दवाखान्याची पायरी झिजवितात, तर कोणी सहा सहा महिने दुकानांतल्या नळ्या रिकाम्या करीत बसतात. या दोन टोकांच्या मध्यें उभें राहून सामान्य गृहस्थानें निर्णय कसा करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून सारें आयुष्य शाळेंत घालविलेला एक मास्तर आहें. म्हणून औषध कोणतें घ्यावें हें मी सांगणार नाहीं. औषधासाठीं केव्हां उठावें, हें सांगणार आहें.

मी वाशीम जिल्ह्यांत, पोहरादेवीच्या परिसरांत राहतों. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें हें गांव बंजारा समाजाची काशी समजलें जातें. रामनवमीला येथें मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच तेलंगण-कर्नाटकांतूनहि भाविक येतात. चैत्राचें ऊन, घाम, धूळ, दाटीवाटीचा मुक्काम, एकमेकांच्या अंथरुणावर टेकलेलीं अंगें. असें चार दिवस काढल्यावर कोणाची कातडी कुरकुरणार नाहीं? यात्रेहून परतलेल्या, किंवा उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जाऊन आलेल्या शहरी कुटुंबांत पुढच्या आठवड्यांत जें खाजवणें चालू होतें, त्याचें उदाहरण घेऊनच आपण पुढें जाऊं.

कातडीवर कांहीं दिसलें कीं स्वतःला चार प्रश्न विचारावे. हें केव्हांपासून आहे ? वाढत आहे कीं ओसरत आहे ? त्याच्या जोडीला ताप, वेदना, सूज असें आणखी कांहीं आहे काय ? आणि चौथा प्रश्न, त्या जागीं स्पर्श नीट कळतो काय ? पहिले तीन प्रश्न बहुतेकांना सुचतात. चौथा फारसा कोणी विचारीत नाहीं, आणि माझ्या मतें तोच सर्वांत मोलाचा आहे.

प्रथम निरुपद्रवी मंडळींकडे पाहूं. घामाच्या बारीक वाहिन्यांचीं तोंडें बुजलीं कीं घामोळें येतें. गार पाण्यानें स्नान, सैल सुती कपडे आणि वारा, एवढ्यानें तें चार-आठ दिवसांत जातें. किड्याच्या दंशाची गांधहि अशीच निघून जाते. कांहीं चट्टे बाहेरून लागलेल्या वस्तूचे असतात. टिकलीच्या डिंकानें कपाळावर पडलेला डाग, खोट्या दागिन्यांतील निकेलानें कानाच्या पाळीला आलेली खाज, केसांच्या कलपानें मानेवर उठलेलें पुरळ, कपड्यांच्या साबणानें फुटलेले हात, हे सारे याच जातीचे. आमच्याकडे बिब्ब्याचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. भेगा पडलेल्या टाचेला बिब्बा लावतात आणि त्याचें तेल भलतीकडे लागलें कीं तेथें फोड उठून कातडी काळवंडते. ज्या बिब्ब्यानें धोबी कपड्यावर न पुसणारी खूण करीत, तो मऊ कातडीवर दया कशी दाखवील ? अशा प्रसंगीं ‘अंगाला नवें काय लागलें ?’ हें आठवून ती वस्तु दूर करावी. कातडीचा वरचा थर साधारणतः महिन्याभरांत नवा होत असतो. म्हणून कारण दूर झालें असेल तर आठ-पंधरा दिवसांत सुधारणा दिसूं लागली पाहिजे. ती दिसली नाहीं, तर आपलें निदान चुकलें असें समजून डॉक्टरांकडे जावें.

दुसरा वर्ग धोक्याचा नव्हे, पण घरगुती उपायांना न जुमानणारा. त्यांत खरूज आणि नायटा, ज्याला कोणी गजकर्ण म्हणतात, हे दोघे प्रमुख. खरूज हा डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या एका किड्याचा प्रताप होय. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवतीं खाज सुटते, ती रात्रीं वाढते, आणि घरांत एकाला असली कीं हळूहळू सर्वांना होते. प्रथमच लागण झालेल्याला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडेहि लागतात. म्हणून ज्याला खाज नाहीं त्यालाहि इतरांबरोबर एकाच दिवशीं औषध लावावें लागतें. एकानेंच लावलें तर रोग घरांतल्या घरांत फेऱ्या घालीत राहतो.

नायट्याची गोष्ट अधिक शोचनीय आहे. तो एका बुरशीमुळें होतो. लालसर, खवलेदार कडा असलेलें कंकण, मध्यें कातडी बरी झाल्यासारखी, आणि खाज अनावर. दुकानांत गेलें कीं तीन-चार औषधांचें मिश्रण असलेली नळी मिळते. तिच्यांत बहुधा स्टेरॉइड असतें. त्यानें लाली आणि खाज दोन दिवसांत शमते, रोगी खूष होतो. पण बुरशी मरत नाहीं. उलट कातडीचा प्रतिकार दबल्यामुळें ती निर्वेधपणें पसरते. मलम थांबविलें कीं दुप्पट वेगानें परत येते, आणि जांघेंतली व काखेंतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. या गैरवापराला आळा बसावा म्हणून २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. परंतु शेजाऱ्याच्या कपाटांतल्या अर्ध्या नळीला चिठ्ठी कोण विचारणार? ध्यानांत एवढेंच ठेवावें कीं आराम पडणें आणि रोग बरा होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. नायट्याला आठवडेच्या आठवडे नेटानें औषध करावें लागतें, आणि तें सांगण्यास डॉक्टरच हवा.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आपण डॉक्टरांकडे जातों तें बहुधा खाजेनें हैराण होऊन. खाज ही मोठी ओरडणारी आहे. ती आपल्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. पण एक चट्टा असा असतो कीं तो खाजत नाहीं, दुखत नाहीं, फुटत नाहीं; मुकाट्यानें अंगावर बसून राहतो. आसपासच्या कातडीहून किंचित् फिकट किंवा लालसर, कधीं कोरडा, घाम न येणारा, आणि त्या जागीं स्पर्श कमी कळणारा. त्रास देत नाहीं म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. हाच चट्टा कुष्ठरोगाचा, म्हणजे पूर्वीं ज्याला महारोग म्हणत त्याचा, पहिला निरोप असूं शकतो. कातडीबरोबर मज्जातंतूंना ग्रासणें हें या रोगाच्या जंतूचें वैशिष्ट्य. म्हणून ज्या चट्ट्याचा त्रास होत नाहीं, तो त्रास न होण्याबद्दलच दाखविला पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. कापसाची बारीक वात करावी. प्रथम ती चांगल्या कातडीवर हलकेच टेकवून माणसाला स्पर्श ओळखूं द्यावा. मग त्याला डोळे मिटावयास सांगून, कधीं चट्ट्यावर, कधीं बाहेर, अशी ती टेकवावी आणि जेथें स्पर्श झाला तेथें त्याला बोट ठेवावयास सांगावें. चट्ट्यावर तो चुकला किंवा गप्प राहिला, तर त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. सुई टोंचून पाहूं नये. तसेंच स्पर्श कळला म्हणून निर्धास्तहि होऊं नये. या रोगाच्या कांहीं प्रकारांत आरंभीं संवेदना शाबूत असते. महिनाभर न हललेला कोणताहि चट्टा दाखवावाच. हातापायांना मुंग्या, पायांतली चप्पल नकळत निसटणें, चुलीजवळ भाजलें तरी न कळणें, भुवयांचे केस विरळ होणें, कानाच्या पाळ्या जाड होणें, याहि त्याच्याच खुणा होत.

‘हा रोग आमच्या घरांत कोठला ?’ असें सुशिक्षित श्रोत्यांना वाटेल. पण २०२३ सालीं आपल्या देशांत एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले, आणि तो आंकडा साऱ्या जगांतील नव्या रुग्णांच्या निम्म्याहून मोठा होता. जंतूची वाढ इतकी मंद कीं लागण झाल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पांच वर्षें, कधीं वीस वर्षेंहि जातात. सुदैवानें बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ति असते. हा रोग आनुवंशिक नव्हे. शेजारीं बसल्यानें वा हस्तांदोलन केल्यानें तो होत नाहीं. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं त्याचा जंतु दाखवून दिला, तेव्हांच पूर्वजन्मींच्या पापाची कल्पना मोडीत निघावयास हवी होती. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारलेल्या बहुविध औषधोपचारानें हा रोग सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो, आणि हें औषध सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतें. मात्र मज्जातंतु एकदां मेला कीं हाताचीं वाकडीं झालेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. सारा हिशेब वेळेचा आहे.

आमच्या विदर्भाला हा हिशेब कळावयास हवा, कारण या रोगाच्या सेवेचा मोठा इतिहास याच भूमींत घडला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम उभारलें, सेवाग्रामांत महात्मा गांधींनीं परचुरेशास्त्र्यांची स्वहस्तें शुश्रूषा केली, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचें आनंदवन वाढलें. समाजानें टाकलेल्यांना या थोर पुरुषांनीं घर दिलें. परंतु आज प्रश्न निराळा आहे. औषध हाताशीं असतां कोणालाहि घर सोडावें लागूं नये. आणि त्यासाठीं पहिला चट्टा लपविला जाऊं नये. १८९८ चा जुना कायदा २०१६ सालीं रद्द झाला. २०१९ सालीं घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोगाचें नांव काढून टाकण्यांत आलें. कायद्यानें आपलें काम केलें. मनाचें काम आपणांस करावयाचें आहे.

शाळेंतला एक अनुभव सांगतों. एका मुलीच्या दंडावर फिकट ठिपके दिसूं लागले आणि वर्गांत कुजबूज सुरू झाली. तिच्या बांकावर कोणी बसेना. घरचे लोक तिला लांब बाह्यांचा झगा घालून पाठवूं लागले. डॉक्टरांना दाखवावें तर लोक काय म्हणतील, ही भीति. अखेर आम्हीं समजूत घालून तिला दाखविलें. डॉक्टरांनीं स्पर्श पाहिला, कातडी खरवडून पाहिली आणि सांगितलें कीं हीं साधीं शिबें आहेत. अर्ध्या दिवसाचें काम. पण तें न केलें असतें तर त्या पोरीच्या पाठीशीं अफवा वर्षानुवर्षें लागली असती. ओघानें सांगतों, कोड हा संसर्गजन्य नव्हे. त्याचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तेथें स्पर्श पूर्ण कळतो. मुलांच्या गालांवरील कोरडे फिकट चट्टे जंतांमुळें होतात हा समजहि खरा नाहीं. तात्पर्य, डॉक्टरांकडे जाणें तें केवळ रोग सांपडावा म्हणून नव्हे. ‘रोग नाहीं’ हें अधिकारवाणीनें ऐकण्यासाठींहि जावें.

राहतां राहिला शेवटचा वर्ग. येथें विचार करीत बसावयाचें नाहीं. अंगावर पित्त उठून ओठ-जीभ सुजली किंवा श्वास कोंडला. नवें औषध घेतल्यावर पुरळ येऊन तोंडांत फोड आले वा कातडी सोलूं लागली. तापाबरोबर असे जांभळे ठिपके उठले कीं त्यांवर कांचेचा पेला दाबला तरी मावळत नाहींत. अशा वेळीं त्याच क्षणीं इस्पितळ गांठावें. लाली गरम होऊन तासातासाला पसरत असेल, तर त्याच दिवशीं दाखवावें. नागीण, म्हणजे शरीराच्या एकाच बाजूला वेदनेसह उठणारे फोडांचे पट्टे, हिचें औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालें तर अधिक गुण येतो. डोळ्याजवळ असेल तर एक दिवसहि दवडूं नये. तिचीं दोन टोकें जुळलीं कीं माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. ती ऐकून मांत्रिकाकडे घालविलेला वेळ मात्र खरोखर नडतो. तान्हें मूल, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतींत वाट पाहण्याची मुदत निम्म्यावर आणावी. वारंवार येणारीं गळवें हीं कधीं कधीं मधुमेहाचीच सूचना असते. तीळ वाढला, रंग बदलला, त्यांतून रक्त आलें, किंवा एखादी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाहीं, तर तीहि दाखवावी; तळपाय तपासण्यास विसरूं नये.

डॉक्टरांकडे जातांना आधीं लावलेल्या सर्व नळ्या बरोबर न्याव्या आणि कांहीं न लपवितां सांगावें. हल्लीं प्रत्येक घरांत छायाचित्र घेण्याची सोय आहे. पहिल्या दिवशीं चट्ट्याशेजारीं नाणें ठेवून तारखेसह चित्र घेतलें, तर तो वाढला कीं ओसरला याबद्दल वाद उरत नाहीं.

श्रोतेहो, घरांतील मुलांच्या पाठी, वृद्धांचे तळपाय आणि आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंचे हात, यांकडे महिन्यांतून एकदां प्रेमानें पाहावें. जें खाजतें तें आपली दाद लावून घेतेंच. जें मुकें आहे, त्याची चौकशी आपण होऊन करावी.