बाजारभाव सर्वांना एकाच वेळी : मल्टिकास्ट राउटिंगची व्यवस्था

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजेच एनएसईने, खरेदी-विक्रीच्या प्रत्येक मागणीची आणि सौद्याची क्षणोक्षणीची माहिती सदस्य दलालांना मल्टिकास्ट पद्धतीने देण्यास २०१४ मध्ये सुरुवात केली. त्यापूर्वी ही माहिती प्रत्येक सदस्याच्या संगणकाशी स्वतंत्र जोडणी करून एकामागून एक पाठविली जात असे. ज्याची जोडणी आधी त्याला माहितीही आधी, असा या रचनेचा परिणाम होत असल्याचे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, अर्थात सेबीने, आपल्या आदेशात नोंदविले. हे अंतर सेकंदाच्या अत्यल्प अंशाचे असले, तरी संगणकाद्वारे आपोआप सौदे करणाऱ्यांसाठी तेवढा अवधीही मोलाचा असतो.

मल्टिकास्ट पद्धतीत पाठविणारा संगणक माहितीची एकच प्रत जाळ्यात सोडतो. मार्गाला जेथे फाटे फुटतात, तेथे राउटर तिच्या आवश्यक तेवढ्या प्रती तयार करतो. ग्राहक दहा असोत वा हजार, मूळ संगणकावरील भार वाढत नाही आणि ग्राहकांची रांगही लागत नाही. संशोधक स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेल्या या पद्धतीचे प्रमाण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते राखून ठेवण्यात आले आहेत. हा पत्ता एखाद्या संगणकाचा नसून गटाचा असतो.

गटाची माहिती हवी असलेला संगणक जवळच्या राउटरला आयजीएमपी या संकेतप्रणालीद्वारे तसे कळवितो. पुढील काम राउटरमध्ये अखंड चालणाऱ्या एका आज्ञावलीचे असते. तिला डेमन म्हणतात. कोणत्या दिशेला गटाचे सदस्य आहेत, याची नोंद ठेवून ती शेजारच्या राउटरशी बोलणी करते व माहितीच्या वाटा ठरविते. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर पूर्वी एम-राउटेड हा डेमन प्रचलित होता. पुढे पिम या संकेतप्रणालीवर चालणारे पिम-डी व एफआरआर यांसारखे पर्याय उपलब्ध झाले.

हा डेमन बसविताना काही बाबी क्रमाने तपासाव्या लागतात. प्रणालीच्या गाभ्यात मल्टिकास्ट राउटिंगची सोय सुरू असली पाहिजे. साध्या राउटिंगचे मार्ग अचूक हवेत, कारण पिम त्यांच्याच आधारे उगमाकडची दिशा ठरविते. उगमाकडे जाणाऱ्या मार्गाऐवजी भलत्याच जोडणीवरून आलेली माहिती राउटर नाकारतो. ही तपासणी माहिती जाळ्यात गोल फिरत राहू नये यासाठी असते. मात्र मार्गांची नोंद चुकीची असल्यास तीच अडथळा बनते.

त्यानंतर डेमनने कोणत्या जोडण्यांवर काम करावे, हे त्याच्या फाइलमध्ये लिहावे लागते. पिमच्या विरळ प्रकारात उगम आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारा एक राउटर निश्चित करावा लागतो व त्याचा पत्ता जाळ्यातील सर्व राउटरना ठाऊक असावा लागतो. संस्थेबाहेर जाऊ नये अशा माहितीसाठी २३९ पासून सुरू होणारे पत्ते वापरतात व सीमेवरील जोडणीवर त्यांना अटकाव केला जातो. सर्वसाधारणपणे एका प्रणालीवर एका वेळी असा एकच डेमन चालवितात.

सर्व काही योग्य दिसत असूनही माहिती पुढे जात नसेल, तर तिची आयुर्मर्यादा पाहावी. अनेक प्रणालींमध्ये मल्टिकास्ट माहितीसाठी ही मर्यादा मुळात १ असते. त्यामुळे ती पहिल्या राउटरपाशीच संपते. पाठविणाऱ्या आज्ञावलीत हा आकडा वाढविणे, हाच यावरील उपाय होय.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वाटेत हरवलेली माहिती मल्टिकास्टमध्ये आपोआप पुन्हा पाठविली जात नाही. म्हणून माहितीला क्रमांक देणे व सुटलेला भाग स्वतंत्रपणे मागविण्याची सोय ठेवणे आवश्यक असते. शिवाय तारेची लांबी किंवा उपकरणांचा वेग असमान असल्यास काही अंतर राहतेच.

एनएसईच्या प्रकरणात सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह जमा करण्याचा आदेश दिला होता. प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये तो रद्द केला. मात्र आवश्यक दक्षता न घेतल्याबद्दल बाजाराने १०० कोटी रुपये भरावेत, असे न्यायाधिकरणाने सांगितले. माहिती पाठविण्याच्या पद्धतीची निवड ही केवळ तांत्रिक बाब मानली जात असली, तरी ग्राहकांना समान वागणूक मिळते की नाही, हेही त्या निवडीवर अवलंबून असते, ही बाब या प्रकरणातून स्पष्ट झाली.