ब्रेक सुटतात कसे : जुन्या पिकअपच्या एका बिघाडाचे निदान

ब्रेक म्हणजे गाडी थांबविणारी यंत्रणा, अशीच तिची सर्वसाधारण ओळख असते. परंतु धावत्या गाडीत या यंत्रणेचा बहुतेक काळ न लागलेल्या अवस्थेत जातो, आणि पेडलवरून पाय उचलताच प्रत्येक चाक मोकळे करणे हेही तिचेच काम असते. हे दुसरे काम बिघडले की ‘ब्रेक धरतात’ असे गॅरेजमध्ये म्हटले जाते. अशी गाडी उतारावरही सहज घरंगळत नाही, इंधन जास्त पिते, एका बाजूला ओढली जाते, आणि थोड्या अंतरातच एखाद्या चाकाशी जळका वास येऊ लागतो. जुन्या पिकअपमध्ये हा बिघाड वरचेवर आढळतो. मात्र त्याची कारणे ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत कोठेही असू शकतात, म्हणून त्याच्या निदानात भाग बदलण्यापेक्षा तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम द्रवचालित ब्रेकचा पाया आहे. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी विकसित केलेले असे ब्रेक १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या मोटारीत चारही चाकांना बसविले गेले. पिकअपच्या बाबतीत शेव्हरलेची सी-१० ही गाडी अभ्यासास सोयीची आहे, कारण १९७१ पासून तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक प्रमाणित म्हणून मिळू लागले आणि मागच्या चाकांना ड्रम कायम राहिले. पुढे डिस्क, मागे ड्रम ही रचना पुढे अनेक देशांतील पिकअपमध्ये रूढ झाली. महाराष्ट्रातील रस्त्यांवर भाजीपाल्याची ने-आण करणाऱ्या बोलेरो पिकअपमध्येही तीच दिसते.

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ब्रेक ऑइल पुढे ढकलतो आणि नळ्यांमधून आलेला दाब चाकाजवळच्या पिस्टनना रेटतो. ब्रेक लागण्यामागे असा मोठा जोर असतो. सुटण्याची भिस्त मात्र अगदी लहान गोष्टींवर असते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला की टाकीकडे जाणारे, एक मिलिमीटरहूनही बारीक असे छिद्र उघडते आणि उरलेला दाब तेथून निघून जातो. डिस्कच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या पकडीत, पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचे रबरी कडे असते. ब्रेक लावताना ते किंचित पिळले जाते आणि दाब गेल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे ओढते. ड्रममध्ये हेच काम ब्रेकशूंना जोडलेल्या स्प्रिंगा करतात. छिद्र, कडे आणि स्प्रिंग यांपैकी कशालाही अडथळा झाला, तरी ब्रेक नीट लागतो, पण पुरता सुटत नाही.

निदानाची सुरुवात धरणारी चाके कोणती हे ठरविण्यापासून होते. ब्रेकचा शक्य तितका कमी वापर करून गाडी काही अंतर चालविल्यानंतर इन्फ्रारेड तापमापकाने चारही चाकांजवळचे तापमान घेतले जाते आणि एकाच आसावरील दोन बाजूंची तुलना केली जाते. एकच चाक तापले असेल, तर दोष बहुधा त्या चाकाजवळ किंवा तेथे जाणाऱ्या होज पाइपात, म्हणजे लवचीक रबरी नळीत, असतो. पुढची दोन्ही चाके तापली असतील, तर पुढच्या ऑइलमार्गाकडे लक्ष जाते. चारही तापली असतील, तर संशय मास्टर सिलिंडर, पायाचा जोर वाढविणारा बूस्टर किंवा पेडलची जोडणी यांवर येतो. बेअरिंग बिघडल्यानेही चाक तापते, म्हणून कॅलिपर बाजूला करून चाकाचा हब हाताने फिरवून पाहावा लागतो. डिस्कला पॅडचा हलका स्पर्श होऊन येणारा बारीक आवाज मात्र दोष मानला जात नाही.

यानंतरचा प्रश्न असा की, चाक अडकलेल्या दाबामुळे धरले आहे की एखादा भाग जागीच अडल्यामुळे. जमिनीवरील चाकांना अडण्या लावून, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली जाते, पेडल दाबून सोडले जाते, आणि चाक अडलेले असतानाच त्याचे निपल, म्हणजे ऑइलमधील हवा काढण्याचा स्क्रू, सैल केले जाते. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर ऑइलमार्गात दाब कोंडलेला होता हे सिद्ध होते. निपल उघडूनही चाक फिरत नसेल, तर गंजलेला पिस्टन, सुकलेल्या सरक-पिना, तुटलेली स्प्रिंग किंवा मागच्या चाकांच्या बाबतीत आत गंजून ताणलेलीच राहिलेली हँडब्रेकची केबल यांचा शोध घ्यावा लागतो.

कोंडलेल्या दाबाचा माग चाकाकडून वर काढला जातो. होज पाइपच्या वरचा, लोखंडी नळीकडचा सांधा सैल केल्याने चाक सुटत नाही, पण निपल सैल केल्याने सुटते, असे आढळल्यास दोष होजमध्येच असतो. जुन्या होजचे आतले अस्तर फुगते किंवा सोलून निघते; पायाच्या जोराने ऑइल त्यातून पलीकडे जाते, परंतु परतीचा जोर क्षीण असल्याने ते मागे येत नाही. काही गाड्यांत होज पकडणारी लोखंडी पट्टी गंजून फुगते आणि होजला आवळते. दोन्ही प्रकारांत होज बाहेरून धडधाकट दिसू शकतो, म्हणून डोळ्यांनी केलेली पाहणी येथे पुरत नाही.

सर्वच चाके धरत असतील, तर मास्टर सिलिंडरला बूस्टरशी जोडणारे नट सैल करून तो काही मिलिमीटर पुढे सरकवला जातो. एवढ्याने चाके सुटली, तर बूस्टरचा दांडा जास्त लांब बसविला आहे, किंवा पेडलची मोकळी चाल संपली आहे, आणि त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येऊन ते बारीक छिद्र उघडू शकत नाही, असा निष्कर्ष निघतो. तरीही चाके सुटली नाहीत, पण मास्टर सिलिंडरकडची नळी सैल करताच सुटली, तर छिद्र गाळाने किंवा फुगलेल्या रबराने बुजलेले असते. टाकीत चुकून इंजिन ऑइलसारखे खनिज तेल पडल्यास रबर असे फुगते, आणि मग एक भाग बदलून भागत नाही. ऑइलचा स्पर्श झालेले सर्व रबरी भाग बदलून नळ्या धुवाव्या लागतात. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब मुद्दाम राखून ठेवणारी झडप असते. १९७१ पूर्वीच्या पिकअपला हौसेने डिस्क बसवून मास्टर सिलिंडर जुनाच ठेवल्यास हाच राखीव दाब पॅडना डिस्कवर टेकवून ठेवतो.

हा बिघाड काही किलोमीटरनंतरच वाढतो, याचे कारण उष्णतेत आहे. छिद्र बंद असले की थोडेसे घर्षणही ऑइल तापवते, तापलेले ऑइल प्रसरण पावते, परतीची वाट नसल्याने दाब वाढतो आणि त्यातून घर्षण आणखी वाढते. गाडी थंड झाल्यावर मात्र सारे ठीक असल्याचा भास होतो. शिवाय ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर प्रमाणानुसार तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. धरणाऱ्या ब्रेकने असे ऑइल उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि घाटाच्या उतारावर पेडल एकाएकी तळाला जाऊ शकते. सुटत नसलेला ब्रेक अशा रीतीने न लागणाऱ्या ब्रेकचे कारण बनतो.

म्हणून दुरुस्तीची परीक्षा थंड गाडीवर पूर्ण होत नाही. नवे ऑइल भरून आणि हवा काढून झाल्यावर गाडी पुन्हा चालवावी लागते, चारही चाकांचे तापमान पुन्हा घ्यावे लागते, आणि तापलेल्या अवस्थेतच प्रत्येक चाक उचलून हाताने फिरवून पाहावे लागते. जुन्या पिकअपमध्ये गंजलेला पिस्टन आणि फुगलेला होज असे दोन दोष एकाच चाकावर असू शकतात. पहिला सापडताच तपासणी थांबविल्यास दुसरा तसाच राहतो, आणि नवा बसविलेला कॅलिपरही काही दिवसांत जुन्याप्रमाणेच तापू लागतो.