रबरी चाक, पट्टा आणि चुंबक

जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आला की मी आधी प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचलतो. खाली काय आहे त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. रबराची कड असलेलं चाक दिसलं तर आयडलर ड्राइव्ह, पातळ पट्टा दिसला तर बेल्ट ड्राइव्ह, आणि चाक नाही, पट्टा नाही, नुसत्या तांब्याच्या गुंडाळ्यांचं कडं असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह. तिघांपुढचा पेच एकच आहे. मोटरचा वेग प्लॅटरला हवा तेवढाच मिळायला हवा, पण तिची थरथर सुईपर्यंत पोचता कामा नये.

माझा जीव आयडलरवर आहे, आणि त्यातही स्वित्झर्लंडच्या बुर्गडॉर्फमध्ये बनलेल्या लेंको एल 75 वर. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड 301 चा दरारा मोठा. बीबीसीने ते वापरलं, आणि आता त्याच्या किमती लाखांत गेल्यात. लेंको त्या मानाने गरीब. पण त्याची युक्ती मला जास्त हुशार वाटते. गॅरार्डच्या मोटरवर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते, एका वेगाला एक पायरी. लेंकोच्या मोटरचा दांडाच निमुळता. उभं रबरी चाक त्या दांड्यावर मागेपुढे सरकतं आणि वरची कड प्लॅटरच्या पोटाला टेकवून त्याला फिरवतं. जाड बाजूला चाक नेलं की वेग वाढतो, बारीक बाजूला नेलं की उतरतो. 33⅓, 45, 78 या खाचा आहेतच, पण मधला हवा तो वेगही मिळतो.

कामाला सुरुवात मोटरपासून. ती मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेते, दोन सच्छिद्र ब्राँझच्या बुशांत. बुशांभोवतीच्या नमद्यातलं तेल इतक्या वर्षांत चिकट डिंक झालेलं असतं. मोटर खोलायची, रॉकेलने धुवायची, बुश कोमट तेलात मुरत ठेवायचे. खरं कसब जोडताना लागतं. दोन्ही बुश एका रेषेत आले नाहीत तर दांडा अडतो. म्हणून स्क्रू थोडे आवळायचे, मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्यायचे, बोटाने दांडा फिरवून पाहायचा, मग पुन्हा आवळायचं. चालवून स्विच बंद केल्यावर मोटर लगेच थांबली तर काम झालेलं नाही. ती बराच वेळ रेंगाळत, आवाज न करता थांबली पाहिजे.

मग रबरी चाक. आपल्याकडे एक खोड सर्रास आढळते. प्लॅटर थांबवताना लोक प्लेअरची लिव्हर न फिरवता भिंतीवरचं बटण बंद करतात. मोटर थांबते, पण चाक दांड्यावर दाबलेलं तसंच राहतं. वर्षानुवर्षं असं राहिलं की रबराला खळगा पडतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आवाजात ‘धप्प’ येतं. खळगा उथळ असेल तर चांगला लेथवाला कड पुन्हा गोल करून देतो. खोल असेल तर नवं रबर चढवावं लागतं. रबर चकचकीत झालेलं असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवला की पुरे. चाकाच्या आसाला तेलाचा एकच थेंब. जास्तीचं तेल उडून रबरावर गेलं की चाक घसरतं.

सुई धरणाऱ्या टोनआर्मचं दुखणं ठरलेलं. ज्या दोन रबरी खाचांवर आर्म टेकतो, त्यांचा या वयात भुगा झालेला असतो. त्या काढून पितळी किंवा कडक प्लास्टिकच्या बसवायच्या. दोन तारांची वायर जाऊन अर्थिंगसह तीन तारांची येते, आणि स्विचवरचा जुना कपॅसिटर मी न तपासताच बदलतो. तो फुटायची वाट पाहण्यात अर्थ नाही.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती वापरायची. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. 33⅓ साठी चकतीवर 180 रेघा लागतात. त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली मात्र रेघा दिसतच नाहीत, कारण ते लुकलुकत नाहीत. मी त्यासाठी चोकवाली एक जुनी ट्यूब राखून ठेवलीय.

ही चकती एका बाबतीत फसवते. बेल्टच्या बऱ्याच प्लेअरमध्ये सिंक्रोनस मोटर असते, विजेच्या वारंवारतेला बांधलेली. वारंवारता ढळली तर मोटर ढळते आणि तेवढाच दिवाही ढळतो. रेघा ढिम्म उभ्या, आणि गाणं मात्र उतरलेलं. आता ग्रिडला 49.90 ते 50.05 हर्ट्झचा पट्टा पाळायचा असतो, त्यामुळे हा फरक कानाला कळणार नाही. अमेरिकेतून आलेल्या प्लेअरचं तसं नाही. 1961 च्या एआर कंपनीच्या प्रसिद्ध बेल्ट-प्लेअरची 60 हर्ट्झची आवृत्ती इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालवली तर 33⅓ ऐवजी 27.8 फेरे घेते. व्होल्टेज बदलून वेग बदलत नाही. मोठ्या व्यासाची पुली तरी हवी, नाहीतर 60 हर्ट्झ तयार करून देणारा वीजपुरवठा.

एरवी बेल्टचं काम सोपं असतं: वितळून डांबर झालेला पट्टा स्पिरिटने पुसा, नेमक्या लांबीचा नवा आणा, प्लॅटर स्प्रिंगांवर तोललेला असेल तर त्या पाणसळ लावून समतल करा. तीच स्पिरिटची बाटली 78 च्या रेकॉर्डजवळ मात्र नेऊ नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये माझ्या हातांना फारसं काम नसतं. मात्सुशिता कंपनीने 1970 मध्ये टेक्निक्स एसपी-10 आणला आणि मधलं चाक, पट्टा सगळंच काढून टाकलं. 1979 च्या एसएल-1200 एमके 2 मध्ये तर चुंबक प्लॅटरलाच जोडलेलं आहे आणि क्वार्ट्झ वेगावर पहारा ठेवतो. विजेची वारंवारता काहीही असो, त्याला फरक पडत नाही. थकलेले कपॅसिटर बदला, वेगाची पट्टी साफ करा, झालं. आयसी गेला तर मात्र जुन्या यंत्रातून काढलेल्या सुट्या भागांवर भिस्त.

पण एमके 2 मध्ये 78 नाही, आणि मराठी घरांतला जुना ठेवा नेमका 78 चा आहे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या. शिवाय त्या काळची प्रत्येक तबकडी 78 वरच मुद्रित झालेली असेल असं नाही. 74 वर मुद्रित झालेली 78 ने वाजवली तर पाच टक्क्यांहून जास्त जलद फिरते. पांढरी पाचचा गायक जवळजवळ काळी चारमध्ये गाऊ लागतो, आवाजही बारीक होतो. लेंकोची वेगाची लिव्हर किंचित मागे घेतली की गळा जागेवर येतो. किती घ्यायची हे साथीच्या पेटीवरून आणि गायकाच्या नेहमीच्या पट्टीवरून ताडायचं. हा अंदाजच असतो, कारण त्या काळच्या पेट्याही एका मापाच्या नव्हत्या. सुई मात्र 78 साठी जाड टोकाची, वेगळी हवी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी खरडत राहते.

बदल किती करायचे यावर शौकिनांत खूप वाद होतात. लेंकोचा वरचा पत्रा पातळ आहे, बोटाने टिचकी मारली तरी वाजतो. तो मरीन प्लायच्या चार थरांच्या जड प्लिंथला बोल्टने घट्ट आवळला की मोटरची घरघर स्पष्टपणे कमी होते. इथे माझ्या मनात शंका नाही. गॅरार्ड 301 तर पेटीविनाच विकलं जायचं, प्लिंथ घेणाऱ्याने सुताराकडून करून घ्यायचा. पण लेंकोची मूळ पेटी मी जपून ठेवतो, आणि नव्या आर्मसाठी मूळ पत्र्याला भोक पाडायला साफ नकार देतो. प्लिंथ उद्या बदलता येईल, कापलेला पत्रा परत येणार नाही.

फक्त एलपी ऐकणाऱ्याने टेक्निक्स घ्यावा आणि निश्चिंत व्हावं. घरात 78 चा गठ्ठा असेल तर लेंको शोधा. आणि माळ्यावर एखादा आयडलर प्लेअर पडून असेल तर वीज लावण्याआधी, आजच, त्याची लिव्हर बंदवर करून ठेवा.