पुरंदरची न निघालेली बँक
(लेखांक ७ : विल्यम वेडरबर्न)

पेरणीच्या तोंडावर परभणीतल्या एका बँकेत बेबाकीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि कोपरे झिजलेलं पासबुक. ते म्हणाले, "पाऊस पडायच्या आधी पैसे हाती आले तर बरं, नाही तर सावकाराकडंच जावं लागतंय." तेव्हाच ठरवलं, या आठवड्यात वेडरबर्नवर लिहायचं.

मागच्या लेखात दादाभाई नौरोजी पार्लमेंटात पोचले. १८९३ साली स्कॉटलंडमधल्या बॅन्फशरमधून निवडून आलेले वेडरबर्न तिथं त्यांचे सोबती झाले. मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही. १९०० मध्ये त्यांची खासदारकी संपली आणि ब्रिटिश इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी आल्या.

थोरला भाऊ जॉन १८५७ च्या उठावात हिसारला मारला गेला. तरीही तीनच वर्षांनी विल्यम मुंबई इलाख्यात नोकरीला आले. मनात सूड घेऊन येणं किती सोपं होतं! या माणसानं इथल्या कुणब्याच्या कर्जाचा अभ्यास केला.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारनं दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण कोर्टातून थोडा दिलासा मिळाला तरी बी-बियाण्याला पैसा कुठून आणायचा? वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. जुनं कर्ज तडजोडीनं मिटवायचं, नवं कमी व्याजानं द्यायचं आणि भांडवल पुण्याच्या धनिकांनी घालायचं. न्यायमूर्ती रानडे या विचाराच्या पाठीशी होते. व्हाइसरॉय रिपनच्या हिंदुस्थान सरकारनंही योजना उचलून धरली. लंडनच्या इंडिया ऑफिसनं मात्र ती फेटाळली. एका तालुक्यात करून पाहायलाही नकार! मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव वाटतो.

सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तोवर पुरंदरची दोन दशकं वाया गेली होती. आपला परभणी जिल्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे तो कायदा इथं लागू नव्हता.

खासदारकी गेल्यावरही वेडरबर्न स्वस्थ बसले नाहीत. काँग्रेसच्या लंडनमधल्या ब्रिटिश कमिटीचं काम आणि 'इंडिया' हे पत्र चालवण्याची धडपड सुरूच होती. गोपाळ कृष्ण गोखले विलायतेला गेले की सल्ल्याला हक्काचं माणूस म्हणजे वेडरबर्न. १९१० च्या डिसेंबरात, बहात्तराव्या वर्षी, ते बोटीनं पुन्हा हिंदुस्थानात आले आणि अलाहाबादच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मवाळ-जहाल आणि हिंदू-मुसलमान यांच्यात समेट व्हावा, ही त्यांची तळमळ होती. १९१६ साली लखनौत तो झालेला त्यांच्या हयातीतच पाहायला मिळाला.

२५ जानेवारी १९१८ रोजी ते गेले. गोखले त्यांच्याआधी तीन वर्षं गेले होते.