कामाच्या जागी सुरक्षा (लेखांक ६) : प्रमाणपत्राची मुदत आणि हातांची सवय

प्रथमोपचार पेटीत काय असावे, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आज ती उघडणाऱ्या माणसाविषयी. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ४५व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी आणि प्रत्येक पेटीमागे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेला, कामाच्या वेळेत सतत हाताशी राहणारा जबाबदार माणूस, असा दंडक घातला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीत तो कागदावर पाळणे सोपे आहे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. हातांची सवय मात्र तेवढी टिकत नाही. सीपीआर शिकलेल्यांच्या छातीदाबाचा वेग आणि खोली काही महिन्यांतच ढासळू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यात शास्त्रही बदलते. २०१०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम उलटवला : आधी श्वासमार्ग नव्हे, आधी छातीदाब. २०१७मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची पद्धत पुढे आणली. त्याआधी शिकून उजळणी न केलेला माणूस आजही तोंडाने श्वास देण्याच्या खटपटीत मोलाचे क्षण घालवील.

म्हणून नियमित उजळणी हवी. यावर पहिला आक्षेप असा की १०८ची रुग्णवाहिका आहे, शहरात घाटी रुग्णालय आहे. पण शेंद्रा शहराच्या पूर्वेला आणि घाटी शहराच्या पलीकडच्या अंगाला. मध्ये जालना रोडची वर्दळ. हृदय बंद पडल्यावर सीपीआरविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटवते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पहिली पाच मिनिटे शेजारी उभ्या असलेल्याचीच. दुसरा आक्षेप : आमच्याकडे डॉक्टर आणि नर्स आहेत. मोठ्या कारखान्यात असतील. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये, रात्रपाळीला, कोण असते? तिथे कंत्राटी कामगार बदलत राहतात आणि प्रशिक्षित माणूस नोकरी सोडताना कौशल्यही घेऊन जातो.

तिसरा आक्षेप उत्पादनाचा. दिवसभराचा वर्ग दर वर्षी घेणे जड जाईल, हे मान्य. म्हणून मूळ प्रशिक्षण तीन वर्षांनीच असू द्यावे. पण दर तीन महिन्यांनी टूलबॉक्स टॉकच्या वेळी वीस मिनिटे पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव व्हावा, आणि तोही त्या खात्याच्या धोक्यानुसार. प्रेस शॉपमध्ये तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फावर नाही. भट्टीजवळ भाजलेला भाग वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरायचा, टूथपेस्ट लावायची नाही. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी पुरवठा तोडायचा. शिवाय नोंदवहीत प्रमाणपत्राच्या तारखेशेजारी दोन रकाने वाढवावेत : शेवटचा सराव कधी, आणि माणूस कोणत्या पाळीत. एखाद्या पाळीसमोरचा रकाना रिकामा दिसला, तर त्या पाळीत प्रथमोपचाराची सोय नाही असेच धरावे.

(पुढील लेखांकात : रुग्णवाहिका कक्ष)