तेल त्यांचं, काम कुणाचं?

नायजेरियात तेल सापडून जवळपास 70 वर्षं झाली. पण तेल काढण्याची खरी कामं आणि त्यातला पैसा दीर्घकाळ बाहेरच्या कंपन्यांकडेच जात राहिला. मग 2010 मध्ये या देशाने एक कायदा केला. त्याने काय बदललं, काय नाही? आणि रिगवरच्या नोकरीचं स्वप्न पाहणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी त्यात काय आहे?

समजा, उद्या तुमच्या गावात तेल सापडलं. जमिनीखाली साडेतीन किलोमीटरवर. पहिल्या दिवशी पेढे वाटाल. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न पडेल, की हे आता वर काढायचं कसं? बोअरवेलवाल्याला फोन करून भागणार नाही.

तुम्ही म्हणाल, शेल, टोटल, शेव्हरॉन आहेत की! आहेत. पण गंमत अशी, की या कंपन्याही सगळं काम स्वतः करत नाहीत. त्या परवाना घेतात, पैसा लावतात, जोखीम उचलतात. आणि मग कामं वाटून देतात. जमिनीखालचा नकाशा काढणारा वेगळा, रिग भाड्याने देणारा वेगळा, सिमेंट भरणारा वेगळा. माणसं नेणारं हेलिकॉप्टर, सामान नेणारी बोट, पाण्याखाली वेल्डिंग करणारे डायव्हर, दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारा केटरर, सगळे वेगळे.

लग्नासारखंच आहे हे. पत्रिकेवर नाव यजमानाचं, पण मांडववाला, आचारी, बँडवाला, फोटोग्राफर यांच्याशिवाय लग्न लागत नाही. तेलाच्या धंद्यातल्या या मांडववाल्या-आचाऱ्यांना मिळून 'ऑइलफिल्ड सर्व्हिसेस' म्हणतात. आता विचार करा, लग्न तुमच्या गावात, पण हे सगळेच बाहेरगावचे असतील तर खर्च झालेला पैसा कुठे जाईल?

नायजेरियात नेमकं हेच झालं.

ओलोइबिरीची विहीर

जानेवारी 1956. नायजेरिया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. नायजर नदीच्या मुखाशी खाड्या आणि खारफुटीचा जो प्रचंड प्रदेश आहे, त्या नायजर डेल्टातल्या ओलोइबिरी या छोट्या गावात 12 हजार फुटांवर तेल लागलं. 1958 मध्ये पहिलं जहाज तेल घेऊन निघालं. पुढे देश आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या तेल उत्पादकांपैकी एक झाला. ओलोइबिरीच्या विहिरी मात्र विसाव्या शतकातच बंद पडल्या. तेल गेलं आणि गाव होतं तिथेच राहिलं.

एक योगायोग बघा. आपल्या ओएनजीसीची स्थापनाही 1956 चीच. आपणही सुरुवातीला बाहेरच्यांवर अवलंबून होतोच. 1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ज्या 'सागर सम्राट' रिगने तेल शोधलं, ती जपानमध्ये बांधलेली होती. पण आपल्याकडे शोधणारी कंपनी पहिल्यापासून सरकारी होती. तिने माणसं शिकवली, स्वतःच्या संस्था काढल्या. नायजेरियाची राष्ट्रीय तेल कंपनी एनएनपीसी आली 1977 मध्ये. तोवर धंद्याची घडी बसली होती. डिझाइन युरोप-अमेरिकेत, बांधणी परदेशी यार्डात, महत्त्वाचे इंजिनीअर बाहेरचे. आणि स्थानिकांसाठी? वॉचमन, ड्रायव्हर, हमाल.

एक विहीर, किती हात

हा धंदा का हातात येत नाही, हे कळायला विहीर कशी खणतात ते थोडं बघू.

आधी येतो साइझमिक सर्व्हे. जमिनीत किंवा समुद्रात ध्वनिलहरी सोडायच्या, परत आलेले प्रतिध्वनी टिपायचे आणि त्यावरून खालच्या थरांचं चित्र काढायचं. मग रिग येते. तिचं भाडं दिवसाच्या हिशोबाने चढतं. खोल समुद्रातल्या रिगचं एका दिवसाचं भाडंच लाखो डॉलर असतं. काम दोन दिवस अडलं की अकाउंट्समध्ये हाहाकार!

खणताना विहिरीत सतत एक खास घट्ट द्रव फिरवत ठेवतात. त्याला रिगवर साध्या भाषेत 'मड', म्हणजे चिखल म्हणतात. हा चिखल बिट थंड ठेवतो, कापलेला खडक वर आणतो आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खालचा वायू अचानक उसळून वर येऊ नये म्हणून आपल्या वजनाने त्याला दाबून धरतो. वजनासाठी त्यात बॅराइट नावाचं खनिज घालतात. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटाला त्याचा जगातला एक फार मोठा साठा आहे. नायजेरियातही बॅराइट आहे. तरीही रिगवर लागणारं बॅराइट वर्षानुवर्षं बाहेरून येत राहिलं. कारण नुसतं खनिज असून चालत नाही. ते ठरलेल्या दर्जाचं दळणारी गिरणी लागते, तपासणारी लॅब लागते, वेळेवर पोचवणारा रस्ता लागतो.

पुढे विहिरीत पोलादी पाइप उतरवायचे, भोवती सिमेंट भरायचं. तारेला उपकरणं बांधून खाली सोडायची आणि कुठल्या थरात तेल आहे, कुठल्या थरात पाणी, हे मोजायचं. या मोजणीतून श्लुम्बर्जे उभी राहिली, सिमेंटिंगमधून हॅलिबर्टन. दोन्ही कंपन्या शंभरीच्या आसपासच्या. इतक्या वर्षांचा डेटा, पेटंट आणि अनुभव गाठीशी असलेल्यांशी पोर्ट हारकोर्टमधल्या चार इंजिनीअर मित्रांनी काढलेली कंपनी कशी टक्कर देणार?

कायदा आला

22 एप्रिल 2010 रोजी तेव्हाचे हंगामी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी 'लोकल कंटेंट' कायद्यावर सही केली. जोनाथन बायेल्सा राज्यातले. त्यांचं ओटुओके गाव आणि ओलोइबिरी एकाच तालुक्यासारख्या भागात येतात.

कायदा कडक आहे. कंत्राट देताना नायजेरियन कंपनीचा आधी विचार करायचा. कनिष्ठ आणि मधल्या फळीत फक्त नायजेरियन माणसंच घ्यायची. व्यवस्थापनात परदेशी जास्तीत जास्त 5 टक्के. परदेशी तज्ज्ञ आणलाच, तर त्याच्या हाताखाली स्थानिक माणूस ठेवायचा आणि चार वर्षांत त्याला तयार करायचं. शिवाय तेल-वायूच्या खाणकामातल्या प्रत्येक कंत्राटाच्या रकमेतला 1 टक्का एका फंडात जातो. त्यातून प्रशिक्षण होतं, स्थानिक कंपन्यांना कर्ज मिळतं. देखरेखीला खास बोर्ड आहे. त्याचं 17 मजली ऑफिस राजधानी अबुजात किंवा लागोसमध्ये नाही, तर बायेल्साच्या येनागोआ शहरात आहे.

फरक पडला का? पडला. बोर्डाच्या म्हणण्यानुसार पूर्वी या धंद्यातल्या कामात नायजेरियाचा वाटा 5 टक्क्यांच्या आत होता, आता तो निम्म्याच्या वर गेलाय. आकडा सरकारी आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. पण डोळ्यांना दिसणारं उदाहरणही आहे. किनाऱ्यापासून सुमारे 130 किलोमीटरवर, दीड किलोमीटरहून खोल पाण्यात, टोटलचं एगिना क्षेत्र आहे. त्यासाठी 330 मीटर लांबीचं तरंगतं जहाज लागणार होतं. ते समुद्रातच तेल काढतं, साफ करतं आणि साठवतं. सांगाडा कोरियात बांधला. पण वरच्या 18 मॉड्यूलपैकी 6 मॉड्यूल नायजेरियात तयार झाली आणि लागोसच्या यार्डात जहाजावर चढवली गेली. 2018 च्या डिसेंबरअखेर तेल सुरू झालं. शेकडो वेल्डर, फिटर आणि इंजिनीअर पोरापोरींनी तिथे असं काम केलं, जे त्यांच्या आधीच्या पिढीला आपल्या देशात करताच आलं नसतं.

मग प्रश्न सुटला?

नाही ना! एगिनाला मंजुरी मिळाली 2013 मध्ये. त्यानंतर खोल समुद्रातल्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी मिळायला 2024 चा डिसेंबर उजाडला. अकरा वर्षांचा खंड. शिकलेला वेल्डर एवढी वर्षं काय करणार? कौशल्य हाती आलं, तरी कामाचा ओघ लागतोच.

दुसरी अडचण नावाच्या मालकांची. कागदावर मालक स्थानिक, काम आणि नफा दोन्ही परदेशी कंपनीकडे. याला तिकडे 'फ्रंटिंग' म्हणतात. आपल्याकडे नावावरचं कंत्राट म्हणतात ना, तेच. तिसरी अडचण भांडवलाची. 2024 च्या अखेरीस तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर 27.5 टक्के होता. मोठी कंपनी बिल चार-सहा महिने लटकवते आणि छोटा कंत्राटदार तोवर व्याजातच बुडतो. चौथी अडचण कामगारांची. तिथल्या तेल कामगार संघटना वर्षानुवर्षं तक्रार करतायत, की कायम नोकऱ्या कमी करून माणसं ठेकेदारामार्फत घेतली जातात.

आणि डेल्टातल्या गावांचं काय? ओगोनी भागातल्या प्रदूषणाविरुद्ध बोलणारे लेखक केन सारो-विवा यांना लष्करी राजवटीने 1995 मध्ये आठ साथीदारांसह फाशी दिली. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने सांगितलं, की ओगोनीलँड पूर्ण साफ व्हायला 25 ते 30 वर्षं लागतील. मासेमारी आणि शेती गेलेल्या गावांमधली पोरं बंदूक उचलू लागली, पाइपलाइन फोडू लागली. 2009 मध्ये सरकारने माफी योजना आणली. शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांना दर महिन्याला भत्ता आणि वेल्डिंग, डायव्हिंगसारखं प्रशिक्षण. 2022 मध्ये तर पाइपलाइनवर नजर ठेवायचं कंत्राट 'टोम्पोलो' या एकेकाळच्या बंडखोर नेत्याशी संबंधित कंपनीला मिळालं. म्हणजे तीही एक ऑइलफिल्ड सर्व्हिसच! कुणी म्हणतं, चोरी कमी झाली. कुणी विचारतं, शांत बसून इंजिनीअर झालेल्या पोराला काय मिळालं?

साठ तास पाण्याखाली

या धंद्यातली जोखीम कुणाच्या वाट्याला येते, तेही ऐका. 26 मे 2013. नायजेरियाच्या किनाऱ्यापासून 30 किलोमीटरवर 'जॅस्कॉन-4' ही टगबोट एका टँकरला सावरून धरण्याचं काम करत होती. पहाटे ती उलटली आणि 30 मीटर खोल तळाशी गेली. आत 12 जण होते. मृतदेह काढायला डायव्हर उतरले, तेव्हा अंधारात एका हाताने त्यांना स्पर्श केला. बोटीचा आचारी हॅरिसन ओकेने छताशी अडकलेल्या हवेच्या पोकळीत सुमारे 60 तास जिवंत राहिला होता. बाकी अकरा जण वाचले नाहीत. ओकेने पुढे भीतीवर मात करून स्वतः डायव्हर झाला.

ही माणसं बड्या तेल कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात. ती असतात कंत्राटदाराची. आपल्याकडे 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पापा-305 बार्ज बुडाला, तेव्हा मेलेलेही कंत्राटी कामगारच होते.

तुमच्यासाठी काय?

पुण्यात पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकणारे किंवा मेकॅनिकल करून रिगवर जायचं म्हणणारे तुमच्यात असतीलच. पगार चांगला, चार आठवडे काम आणि चार आठवडे सुटी, जग बघायला मिळतं. सगळं खरं. पण तेलाचा भाव पडला की पहिली कुऱ्हाड सर्व्हिस कंपन्यांवरच पडते. 2020 मध्ये एकट्या श्लुम्बर्जेने 21 हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा डेटा, इन्स्ट्रुमेंटेशन, सेफ्टी, वेल्डिंग इन्स्पेक्शन असं दुसऱ्या धंद्यातही चालेल असं एखादं कौशल्य सोबत ठेवा.

आणि हे नक्की लक्षात ठेवा. 'दोन लाख भरा, नायजेरियात रिगवर फ्रेशरची नोकरी लावतो' असं कुणी म्हणालं, तर आता तुम्हाला तिथला कायदा माहीत आहे. कनिष्ठ आणि मधल्या जागा नायजेरियन माणसांसाठीच आहेत. त्या देशाने त्या आपल्या पोरांसाठी भांडून मिळवल्यात. एजंटला सरळ विचारा, की वर्क परमिट कुठल्या पदाचं आहे? सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का, तेही बघा.

आपल्या आसपासही रोज नव्या प्रकल्पांच्या घोषणा होत असतात. कुठे बंदर, कुठे रिफायनरी, कुठे खाण. किती हजार कोटींची गुंतवणूक, हे बातमीत असतंच. पण त्यातली डिझाइनची, बांधणीची, तपासणीची कामं कुणाकडे जाणार, त्यासाठी जवळच्या आयटीआयमध्ये आजपासून काय शिकवणार आणि प्रकल्प संपल्यावर त्या मुलांना पुढचं काम कुठे मिळणार, हे क्वचितच छापून येतं. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा हे तीन प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर तरी नक्की विचारा. ओलोइबिरीत ते 1956 मध्ये विचारणारं कुणी नव्हतं.